तारीख नसलेला राजीनामा

आमच्या नगरपरिषदेच्या सभागृहात शिरलं की डाव्या हाताला एक लाकडी फलक आहे. आजवरच्या सगळ्या सदस्यांची नावं त्यावर सोनेरी रंगात लिहिली आहेत. पाच वर्षांत तीनदा तोंड दाखवलेल्याचं नाव आहे, एकदाही तोंड न उघडलेल्याचंही आहे. कुसाबाई भोयेचं नाव मात्र नाही. पेंटरला विचारलं तर म्हणाला, "बाई, मला दिलेल्या यादीत नव्हतं." यादी कोणी केली ते मला चांगलं ठाऊक आहे. नगरपरिषदेच्या कागदपत्रांत आज कुसाबाईचं नाव शोधायचं म्हटलं, तर सभांची जुनी दप्तरं सोडून ते एकाच ठिकाणी सापडेल, कुलूप तोडल्याच्या तक्रारीत.

म्हणून मी सांगते. मी भाग्यश्री देवरे. त्या नगरपरिषदेत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकवीस वर्षं सभा लिपिक म्हणून, म्हणजे सभेत कोण काय बोललं ते लिहून काढायचं काम. गावाचं नाव सांगणार नाही. नाशिक जिल्ह्यात, द्राक्षाच्या पट्ट्यात आहे, एवढं पुरे. पेन्शन सुरू झाली आहे, आता माझं कोण काय वाकडं करणार?

आधी हे स्वीकृत नगरसेवक म्हणजे काय प्रकरण असतं ते ऐका. हा माणूस लोकांनी निवडून दिलेला नसतो. निवडून आलेल्या गटानं नाव सुचवायचं आणि कलेक्टरांनी नेमायचं. सभेत त्याला बोलता येतं, मत देता येत नाही. कायदा म्हणतो, डॉक्टर घ्या, वकील घ्या, समाजकार्य केलेली जाणती माणसं घ्या. आमच्याकडं घेतात ते निवडणुकीत पडलेले, तिकिटावरून रुसलेले आणि कुणाचे तरी मेहुणे. रुसलेले फार आणि जागा थोड्या, म्हणून एकेकाला एकेक वर्ष वाटून देतात. पण खुर्चीवर बसलेला माणूस आपणहून उठतो होय? मग बसायच्या आधीच त्याच्याकडून राजीनामा लिहून घ्यायचा. खाली सही, तारखेची जागा कोरी. तो कागद गटनेत्याच्या कपाटात. वेळ आली की तारीख टाकायची आणि पाठवून द्यायचा. ह्याला आमच्याकडं लबाडी म्हणत नाहीत, पद्धत म्हणतात.

कुसाबाई सुरगाण्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातल्या पाड्यावरची. भात, नागली घरात आली की तिचा बाप टोळीबरोबर द्राक्षाच्या कामाला खाली उतरायचा. दहाव्या वर्षी तीही जीपमध्ये बसून आली. पहिल्याच हंगामात मुकादमानं तिला एक गोष्ट शिकवली, पान उलटून बघायचं. डाऊनी रोग आधी पानाच्या पाठीवर दिसतो. वरून पान हिरवंगार असतं आणि मागं पांढरी बुरशी धरलेली असते. ते तिच्या हाताला असं बसलं की मग बाई प्रत्येक गोष्ट उलटून बघायला लागली. मेथीची जुडी उलटून बघणार, एसटीचं तिकीट उलटून बघणार, डॉक्टरांची चिठ्ठी उलटून बघणार. तिचा नवरा झिपरू, एका बागेवर राखणदार होता, तो हसून सांगायचा, "लग्न ठरलं तवा हिनं माझंबी तोंड पाह्यलं नाय, पाठ पाह्यली."

लग्नानंतर दोघं परत डोंगरात गेलीच नाहीत. गावाच्या कडेला मजुरांची वस्ती आहे, तिथं पत्र्याचं घर केलं. रोशनी ही त्यांची एकुलती मुलगी. रोशनीच्या पहिलीच्या पुस्तकावरून कुसाबाई स्वतः वाचायला शिकली, मायलेकी एकाच पाटीवर. पुढं एका शाळामास्तरांनी खटपट करून मजूर बायकांची संस्था नोंदवून दिली, तिची ती अध्यक्ष. रोज सकाळी मात्र कात्री कमरेला खोचून ती इतर बायकांसारखीच नाक्यावर उभी.

नाका म्हणजे बसस्थानकासमोरची मोकळी जागा. हंगामात तिथं पहाटेपासून अडीचशे बायका उभ्या असतात. बागायतदारांच्या जीपा येतात, भाव ठरतो, बायका निघतात. पुरुष मजूर एसटीच्या भिंतीआड जाऊन मोकळे होतात. बायकांनी काय करायचं? बायकांनी पाणी प्यायचं नाही. आदल्या संध्याकाळपासून नाही आणि सकाळी तर घोटभरही नाही. बागेत पोचेपर्यंत दहा वाजतात, तोवर तशाच. आई लेकीला स्वयंपाक शिकवते ना, तसं तिथं आई लेकीला हे शिकवते.

रोशनी एकोणीस वर्षांची असताना नाक्यावरच थंडी वाजून कोसळली. सिव्हिलमध्ये अकरा दिवस होती. मूत्रपिंडापर्यंत दुखणं गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही पाणी किती पिते? मला हे तिनं पुढं केव्हातरी सांगितलं. म्हणाली, "ताई, पाणी पिऊ नको म्हून मीच शिकवलं व्हतं तिला. माझ्या ह्या तोंडानं." आणि पदर तोंडाला लावून बसली. ऐकणारी कोण? मी त्या कचेरीत पंख्याखाली बसणारी बाई.

पोरगी वाचली, पण नाक्यावर उभं राहायची तिनं धास्ती घेतली. तेव्हापासून कुसाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली, नाक्यावर बायकांसाठी संडास, पाण्यासकट. सहा अर्ज दिले तिनं. सहाही अर्जांवर आवकचा शिक्का मीच मारला आणि सहाही कुठं गेले ते विचारू नका. आमची ओळख त्या शिक्क्याचीच.

तिला नगरसेवक करण्यात कुणाचा पुण्याचा हेतू नव्हता. सत्ताधारी गटाचे नेते दीपकशेठ, त्यांना आपल्या मेहुण्याला, किशोरला घ्यायचं होतं. गटातल्या दुसऱ्या वजनदार माणसाला आपला मुलगा घ्यायचा होता. दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी ठरलं, वर्षभर तिसराच कुणीतरी बसवू, तोवर तापलेली डोकी थंड होतील. तिसरा कोण? ज्याच्याकडं नोंदणीकृत संस्था आहे, ज्याच्या वस्तीत मतं आहेत आणि जो तोंड उघडणार नाही. दीपकशेठ म्हणाले, "कुसामावशी!" आणि सगळ्यांनी टेबलावर हात आपटले. माणूस ओळखण्यात इतकी मोठी चूक मी त्या इमारतीत दुसरी पाहिली नाही.

दीपकशेठ वाईट नव्हता हो. हसतमुख, लग्नामयताला पहिला हजर. पण त्याला वाटायचं, गाव म्हणजे आपल्या घरचं अंगण. आधीच्या स्वीकृत सदस्यानं ऐनवेळी 'सही माझी नाहीच' म्हणून बोंब ठोकली होती, ते त्याला लागलं होतं. म्हणून ह्या खेपेला तो मला म्हणाला, "मॅडम, साधा कागद नको. शंभराचा मुद्रांक आणा. काम पक्कं पाहिजे." आमच्याकडं काही पक्कं करायचं म्हटलं की लोकांना मुद्रांक लागतो. भावाभावांनी भांडायचं नाही हेसुद्धा मुद्रांकावर लिहून घेणारी माणसं आम्ही.

गेले कोर्टाच्या आवारात, आणला मुद्रांक. मजकूर मीच टाईप केला. 'मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने, स्वीकृत सदस्यपदाचा राजीनामा देत आहे.' दिनांकापुढं टिंबं. कुसाबाई आली, कागद हातात घेतला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचायला लागली. दीपकशेठ घड्याळ बघत होता.

"वैयक्तिक म्हंजी?"

मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या घरचं काही कारण."

"माझ्या घरचं काय कारण हाय?"

दीपकशेठ हसला. "मावशी, ते तसं लिहायचं असतं."

"वर्ष म्हंजी बारा महिने ना, शेठ?"

"बारा महिने. माझा शब्द."

"मग माझाबी शब्द. बारा महिने झाले की मी उठती." तिनं कागद उलटला, मागं बघितलं, परत सरळ केला आणि सावकाश सही केली. तेव्हा मला लाज वाटली असं म्हणाले तर खोटं होईल. मी घरी जाऊन पिठलं केलं आणि जेवून झोपले.

अकरा दिवसांनी कलेक्टरांचा आदेश आला. कुसाबाई सभागृहात आली, शाल झाली, फोटो झाला. तिची खुर्ची खांबाआड, माझ्या टेबलाशेजारी. पहिल्याच सभेत तिनं मला हळूच विचारलं, "ताई, तुमी समदं लिहून घेता?"

"जो बोलेल त्याचं लिहिते."

"आन् कुणी म्हणलं लिहू नको, तर?"

"तर... तसं म्हणतात कधी कधी."

"मग तुमी काय करता?"

मी सभेची वही पुढं ओढली. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नाक्यावर बायकांसाठी संडास पायजे. पाण्यासकट." एवढंच. बसली. मी लिहिलं.

पुढच्या सभेत पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सभेतही तेच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. सदस्य हसायला लागले, "आली मावशींची आरती!" एकानं तर घंटा वाजवल्यासारखा हात हलवला. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "वाजवा दादा. देव उठंस्तवर वाजवायची अस्ती." त्या दिवसापासून मी तिचं वाक्य जरा ठळक अक्षरात लिहायला लागले.

सातव्या महिन्यात खरी कुरापत निघाली. नाक्याच्या त्याच मोकळ्या जागेवर दुकानांचे गाळे बांधायचा विषय सभेपुढं आला. गाळे झाले असते तर संडासाला तिथं वीतभर जागा उरली नसती. कुसाबाई उठली. "गाळे बांधा, नको कोण म्हणतं? पण आधी संडास. नायतर मी अडीचशे बायका आणून त्याच जागंवर बसवती. दिवसाढवळ्या, गावासमोर. मग बघू गाळे कोण घेतं ते."

सभागृहात एकच गोंधळ! दीपकशेठ लालबुंद. "मॅडम, हे रेकॉर्डवर घ्यायचं नाही!" मी पेन थांबवलं. कुसाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेलं ऐकलं नाही. पूर्ण लिहिलं, अगदी 'दिवसाढवळ्या' सकट. विषय पुढच्या सभेवर गेला.

दुसऱ्याच दिवशी दीपकशेठच्या कपाटातला कागद बाहेर आला. टिंबांवर ताजी तारीख पडली आणि राजीनामा नाशिकला कलेक्टर कचेरीत गेला. पुढची सभा दहा दिवसांवर होती. तोवर राजीनामा मंजूर झाला असता की कुसाबाई घरी, संडासाचा विषय मातीत आणि गाळ्यांवर एकमतानं ठराव. मी हिशेब करून पाहिला, सुटकेची वाट दिसेना.

पण राजीनामा स्वखुशीचा आहे का, हे तिथं माणसाला समोर बोलावून विचारतात. तिला बोलावणं आलं. मला सभेचं दप्तर घेऊन हजर राहायला सांगितलं. आम्ही दोघी एकाच एसटीनं गेलो. वाटेत ती म्हणाली, "सही तर माझीच हाय, ताई. नाय कशी म्हणू?" मला माझी उरलेली वर्षभराची नोकरी दिसत होती.

कलेक्टरसाहेब तरुण होते. दीपकशेठ आधीच कोच अडवून बसला होता. साहेबांनी विचारलं, "सही तुमची?"

"माझीच."

"राजीनामा स्वखुशीनं दिला?"

"नाय. सही माझी हाय. तारीख माझी नाय."

दीपकशेठ म्हणाला, "साहेब, मागच्याच सोमवारी माझ्यासमोर सही केली त्यांनी. आता कुणीतरी कान भरले असतील. बाई अडाणी आहेत, सोडून द्या."

अडाणी म्हटल्यावर कुसाबाईचे डोळे बारीक झाले. ती पुढं झाली, टेबलावरचा कागद उचलला आणि सवयीप्रमाणं उलटला. "साहेब, पान मागनं बघायचं अस्तं."

मुद्रांकाच्या पाठीवर विक्रेत्याचा शिक्का असतो. कधी विकला, कुणाच्या नावानं, कुणाच्या हातून. तिथं तारीख होती सात महिन्यांपूर्वीची. साहेबांनी नेमणुकीचा आदेश मागवला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसू दाबत म्हणाले, "म्हणजे पद मिळायच्या अकरा दिवस आधीच तुम्ही राजीनाम्याचा मुद्रांक आणून ठेवला होता?"

दीपकशेठचं तोंड बघण्यासारखं झालं. काम पक्कं करायला गेला आणि स्वतःच्या हातानं पुरावा ठेवून बसला. पण तो पोहणारा गडी. म्हणाला, "मुद्रांक जुना असेल, साहेब. बाईंनीच कधीतरी कशाला तरी आणला असेल. सही मात्र सोमवारची."

साहेबांनी शिक्का पुन्हा वाचला. "इथं लिहिलंय, कुसाबाई झिपरू भोये, हस्ते भाग्यश्री देवरे. ह्या कोण?"

हस्ते! मी विसरूनच गेले होते. विक्रेत्याच्या वहीत सही करताना मी नाव सांगितलं होतं, त्यानं ते ठोकून दिलं होतं. पुढं लोक मला म्हणाले, भाग्यश्रीताई, काय डाव टाकलात! अहो, कसला डाव? शुद्ध गलथानपणा होता. पण त्या क्षणाला दीपकशेठ माझ्याकडं बघत होता आणि त्या नजरेत माझी पेन्शन होती. आणि कुसाबाई माझ्याकडं बघतच नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती, मला अवघडायला नको म्हणून. तेच मला लागलं बघा.

मी उठले. "मी, साहेब. मुद्रांक मी आणला, मजकूर मी टाईप केला आणि सही माझ्यासमोर झाली. सोमवारी नाही, सात महिन्यांपूर्वी. तारखेची जागा तेव्हा कोरी होती."

राजीनामा नामंजूर झाला. बाहेर आल्यावर दीपकशेठ एवढंच म्हणाला, "मॅडम, खाल्ल्या घरचे वासे मोजलेत." मी म्हटलं, "मी नगरपरिषदेचा पगार खाते, शेठ, तुमच्या घरचं पिठलं नाही." म्हटलं खरं, पण एसटीत बसल्यावर मी पेन्शनचा हिशेब करायला लागले. कुसाबाईनं माझा हात आपल्या खरबरीत हातात घेतला आणि स्टँड येईपर्यंत सोडला नाही.

आता सभा. तिला मत नाही हे विसरू नका. तिच्या बाजूनं बोलायला कुणी तयार नव्हतं. सभेच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या कचेरीत बायकांचा संडास एकच ना? त्याची चावी कुणाकडं?"

चावी माझ्या खणात असायची. उघडं ठेवलं तर बाजारातल्या बाया येतात म्हणून साहेबलोकांनी कुलूप घातलेलं. मी काही विचारलं नाही. चावी काढली, तिला दिली. आता कुठं मरायचं राहिलं होतं? मेलं कोंबडं आगीला भीत नाही.

सभा अकराला सुरू झाली. गाळ्यांचा विषय मुद्दाम शेवटी ठेवलेला. दोन चहा झाले. सतरा सदस्यांत बायका नऊ. एकच्या सुमाराला एक उठून बाहेर गेली, परत आली. मग दुसरी. मग तिसरी येऊन माझ्या कानाशी, "मॅडम, चावी?" मी म्हटलं, "माझ्याकडं नाही हो." खोटं नव्हतं ते! अडीच वाजले. नऊही जणी खुर्चीत चुळबुळत होत्या, पाण्याचे ग्लास कुणी तोंडाला लावेना.

तेव्हा कुसाबाई उठली. कनवटीची चावी काढली आणि टेबलावर ठेवली.

"साडेतीन तास झाले, बायांनो. पोटात कळ येती ना? आमच्या बायकांच्या रोज येती. माझी लेक ह्यापायी मरता मरता राह्यली. तिला पाणी पिऊ नको म्हून मी शिकवलं. तुमी तुमच्या लेकींना शिकवाल का?"

मग विरोधी गटाच्या लताबाई उभ्या राहिल्या, रागानं की कळवळ्यानं ते देवाला माहीत. "मी सूचक! नाक्यावर आधी संडास. लिहा मॅडम, लवकर लिहा!" अनुमोदक कोण? दीपकशेठची सख्खी वहिनी, मंगलाबाई. दीपकशेठ ओरडला, "वहिनी, बसा खाली!" मंगलाबाई म्हणाल्या, "भावजी, बसवत नाही म्हणून तर उभी राहिले!"

नऊ हात वर गेले. सतरातले नऊ. मी दोनदा मोजले आणि दोनदा लिहिले. ठराव झाला. मग त्या चावीसाठी जी पळापळ झाली ती मी रेकॉर्डवर घेतली नाही.

माझी बदली आठवड्यात झाली, जन्म-मृत्यू नोंदणीत. चालायचंच. एक दिवस कुसाबाई तिथं आली, वहीचा एक कागद घेऊन. तिच्याच अक्षरात, वर आधी तारीख, ठळक. 'मी कुसाबाई झिपरू भोये. शेठला बारा महिन्यांचा शब्द दिला होता. बारा महिने आज झाले. मी उठते. माझ्या घरचं काही कारण नाही.'

मी भडकले. "वेड लागलंय का तुम्हाला? आता कलेक्टरसुद्धा तुम्हाला उठवू शकत नाही! उरलेली वर्षं बसा की त्याच्या छातीवर!"

"शेठनं शब्द मोडला म्हून मीबी मोडू? मंग त्याच्यात नि माझ्यात काय राह्यलं, ताई?" ती कागद देऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री कमरेला खोचून नाक्यावर उभी. तिच्या खुर्चीत किशोर आला. आयत्या बिळावर नागोबा.

संडास मात्र बांधला गेला, ठरावाला कोण काय करणार? सहा खोल्या, वर पाण्याची टाकी, गुलाबी रंग. आणि दाराला भलंमोठं कुलूप, त्यावर फीत. का? तर उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. पाहुण्यांची तारीख तीनदा पुढं गेली. चार महिने झाले, हंगाम सुरू झाला. अडीचशे बायका रोज त्या गुलाबी भिंतीसमोर, भरलेल्या टाकीखाली, तहानलेल्या उभ्या. संडास नव्हता तेव्हा निदान तो डोळ्यांसमोर तरी नव्हता.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते, सकाळी फिरायला त्याच बाजूनं जायची. त्या दिवशी बघते तर नाक्यावर कुसाबाईशेजारी रोशनी. तीन वर्षांनी पोरगी तिथं उभी राहिली होती, चेहरा पांढरा पडलेला. कुसाबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा कुलपाकडं. मग गाळ्यांच्या कामावरचा एक दगड उचलला. फीत कात्रीनं कापली, अगदी रीतसर, आणि कुलपावर दगड घातला. तिसऱ्या घावाला कुलूप खाली आलं. जीपवाले ड्रायव्हर जागच्या जागी थांबले.

कुणीतरी फोन केला असणार, किशोर मोटारसायकलवरून भरधाव आला. "कुणाला विचारून तोडलं? पाहुणे यायचेत, पोलिसात तक्रार देतो!"

कुसाबाईनं दगड शांतपणे खाली ठेवला. "तू स्वीकृत ना रे? तुला बोलता येतं, मत देता येत नाय. बोल, किती बोलायचं ते." अडीचशे बायका हसल्या. असं हसू मी त्या नाक्यावर कधी ऐकलं नव्हतं. तक्रार त्यानं दिली, तिची नक्कल नगरपरिषदेच्या दप्तरात अजून आहे.

तिनं टाकीच्या नळाखाली तांब्या धरला, काठोकाठ भरला आणि लेकीसमोर धरला.

"पी."

रोशनी आजूबाजूला बघायला लागली. सात वाजले होते. नाक्यावर, सकाळच्या वेळेला, त्या जागी आजवर कुठल्या बाईनं पाणी प्यायलं नव्हतं.

"पी म्हणते ना. मीच नको म्हणलं व्हतं, आता मीच सांगती. पी."

पोरगी प्यायली. घटाघटा, हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळ येईपर्यंत. मागच्या बाईनं आपली बाटली उघडली, तिच्या मागच्या बाईनंही. रोशनीनं तांब्या रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि आणखी हवं म्हणून तो आईपुढं धरला.